वेगळी चूल

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थासमोर दोनच मार्ग असतात. एक तर सोसायटीचे सेक्रेटरी व्हावे, नाहीतर कुळवृत्तांत लिहावा. आमच्या अण्णांनी पहिला मार्ग वर्षभर चोखाळला. वरच्या टाकीतल्या पाण्यावरून तळमजला आणि तिसरा मजला यांच्यात जे पाणिपत झाले, त्यानंतर जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांशी संबंध ठेवलेले बरे, अशा निष्कर्षाला येऊन त्यांनी कुळवृत्तांत हाती घेतला.

अकरा पिढ्या, चार गावे, आणि एका पोस्टकार्डालाही उत्तर न देणारे दोनशे नातेवाईक. कागदांचे ढीग दिवाणावरून माझ्या टेबलावर आणि टेबलावरून सौ.च्या शिवणाच्या मशीनवर चढले, तेव्हा २००८ च्या दिवाळीत माझा भाचा नंदू एक कॉम्प्युटर घेऊन आला. नंदू बंगळूरला असतो. तो काय करतो हे त्याच्या आईला सांगता येत नाही, पण पगार सांगता येतो. त्या कॉम्प्युटरवर त्याने लिनक्स घालून दिले. "आजोबा, याला पैसे पडत नाहीत," असे तो म्हणाला आणि तिथेच चुकला. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल अण्णांना जन्मभर संशय. त्यांनी आधी कागदपत्रे मागितली. नंदूने बिचाऱ्याने १९९१ सालच्या जीपीएल परवान्याचा दुसरा मसुदा छापून आणून दिला. जगात तो परवाना ज्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचला अशी फार माणसे नसतील. अण्णांनी तो तांबड्या पेन्सिलीने खुणा करीत दोन दिवसांत वाचून काढला.

"छान आहे," ते म्हणाले. "म्हणजे देणाऱ्यानं वस्तूबरोबर तिची कृतीही द्यायची. घेणाऱ्यानं हवी तशी बदलावी, वाटावी, विकावी. पण पुढच्याला देताना हीच अट पाळायची. असा कागद आमच्या खापरपणजोबांनी केला असता तर जमिनीचं वाटोळं झालं नसतं."

मग वही आली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली 'संगणक : कृती'. पान एकवर चालू करणे, पान दोनवर बंद करणे (हे पान अण्णांना जास्त महत्त्वाचे वाटे), पान चारवर कागद उघडणे. 'वर डाव्या कोपऱ्यात तीन शब्द दिसतील. अॅप्लिकेशन्स, प्लेसेस, सिस्टीम. पैकी पहिल्यावर टिचकी. यादी खाली लोंबेल. वरून चौथ्या ओळीवर जावे, घाई करू नये.' शेजारी शिसपेन्सिलीने त्या कोपऱ्याचे चित्रही होते. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू, बोटांना थोडा कंप; पण वही मांडीवर असली की अण्णा कुणाला हाक मारीत नसत. रोज सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. कचेरीची वेळ त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती, फक्त थोडी आवरती घेतली होती. अडीच वर्षांत सात पिढ्या कॉम्प्युटरात गेल्या.

आणि मग २०११ च्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी मी एक बटण दाबले.

त्यात माझा हेतू वाईट नव्हता. पडद्यावर एक चौकट आली होती. नवी आवृत्ती तयार आहे, घेता का, असे ती नम्रपणे विचारीत होती. नम्रपणे विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाला 'हो' म्हणायची मला खोड आहे. माझ्याकडे सहा विमा पॉलिसी आहेत त्या याच खोडीमुळे. अण्णा आत झोपले होते. दोन तास काहीतरी उतरत राहिले, मशीन बंद होऊन चालू झाले आणि पडद्यावरचे ते तीन शब्द गेले. वरचा डावा कोपराच जणू पाडून टाकला होता. कडेला चित्रांची एक उभी रांग आली होती; त्यातले कोणते चित्र कशाचे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळावे. मी पडदा पुसला, कॉम्प्युटर बंद केला आणि चहा मागितला. हातून काही बिघडले की मी नेहमी चहा मागतो.

आठ दिवसांनी सौ. म्हणाली, "कॉम्प्युटरवरचं विणलेलं कव्हर आठवडाभर हललं नाहीये." मी पाहिले तर अण्णा दिवाणावर बसून पोस्टकार्डे लिहीत होते.

"का हो अण्णा, आज टाइप नाही?"

"छे रे," ते वर न बघता म्हणाले. "मीच काहीतरी भलतंच दाबलं असणार. आता नाही जमत. वय झालं."

इथे खरे तर मी बोलायला हवे होते. मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि नंदूला फोन लावला.

आता वाचकांना थोडा इतिहास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. लिनक्स म्हणजे घराचा पाया. तो फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली घालायला घेतला. पण पाया कुणी बघायला जात नाही. माणूस बघतो ती ओसरी, दिंडी दरवाजा, कोनाडे, खुंट्या. यालाच डेस्कटॉप म्हणतात. इतर कंपन्यांच्या कॉम्प्युटरात पाया आणि ओसरी यांचा मालक एकच. लिनक्समध्ये पाया एकाचा, ओसरी दुसऱ्याची, आणि ओसऱ्या डझनभर. नंदूने फोनवर मला हे सारे सांगितले. मी ते अण्णांना सांगितले. अण्णांनी पोस्टकार्ड बाजूला ठेवले आणि विचारले, "मूळ पुरुष कोण?"

कुळवृत्तांतवाल्याला काहीही सांगा, तो आधी मूळ पुरुष विचारतो. मग रोज रात्री नंदूचा फोन आणि सकाळी अण्णांची नोंद, असा क्रम सुरू झाला. वहीच्या मागच्या बाजूने नवे पान सुरू झाले आणि डेस्कटॉपची वंशावळ तयार होऊ लागली. सगळ्यात वर, १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जन्मलेली एक्स नावाची पद्धत. खिडक्या काढायचे काम तिचे, पण खिडकीला पडदा कुठला लावायचा हे ती सांगत नसे. त्यामुळे प्रत्येक जण आपापला पडदा शिवी, आणि कुणाचा कुणाशी जुळत नसे. म्हणून १९९६ च्या ऑक्टोबरात जर्मनीत शिकणारा माथियास एट्रिक नावाचा विद्यार्थी पुढे आला आणि सगळ्या घराला एकसारखे रूप देणारे केडीई त्याने सुरू केले. आता यात भांडायला काय आहे? पण होते. केडीईच्या भिंतीला लागणाऱ्या विटा क्यूटी नावाच्या, नॉर्वेच्या एका कंपनीच्या होत्या आणि त्यांचा परवाना पुरेसा मोकळा नव्हता. झाले! सोवळे मोडले! १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोघांनी पूर्ण सोवळ्यातले दुसरे घर बांधायला घेतले, ते ग्नोम. पुढे २००० साली क्यूटीच्या विटाही जीपीएलखाली आल्या, म्हणजे भांडणाचे कारण संपले. पण भांडणाचे कारण संपले म्हणून वाटण्या झालेले भाऊ एका ताटात जेवायला बसल्याचे तुम्ही कधी पाहिले आहे काय?

"इथपर्यंत आपल्यासारखंच आहे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोन फाटे काढले.

ग्नोमची दुसरी पिढी २००२ साली आली. अण्णांच्या पान चारवरचे ते तीन शब्द या पिढीचे. गंमत अशी की, आज ज्या ग्नोम दोनसाठी लोक हळहळतात त्याच्याही नावाने तेव्हा बोटे मोडून झाली होती. बटणे कमी केली, सोयी काढल्या, वापरणाऱ्याला काय वेडा समजता, अशी ओरड झाली. खुद्द टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लोकांना ग्नोम सोडा आणि केडीई धरा असे बजावले. पुढे २००८ च्या जानेवारीत केडीईने आपली चौथी पिढी आणली, ती अर्धवट गिलाव्याची. लोक हैराण झाले. त्यातल्या काहींनी जुने तिसऱ्या पिढीचे घर ट्रिनिटी या नावाने सांभाळायला घेतले. टोरवाल्ड्स बिऱ्हाड घेऊन ग्नोमकडे आले. आणि २०११ च्या ६ एप्रिलला ग्नोमची तिसरी पिढी आली.

तिने तीन शब्द काढले, खाली लावलेली खिडक्यांची यादी काढली, आणि खिडकी लहान-मोठी करायची बटणेसुद्धा काढून टाकली. त्याच महिन्याच्या अखेरीस उबुंटूनेही युनिटी नावाचे आपले निराळे रूप सर्वांपुढे ठेवले. युनिटी म्हणजे एकी. तिच्या नावाने जेवढी दुफळी झाली तेवढी अलीकडे कशाने झाली नसेल. या दोहोंपैकी आमच्या घरी त्या रविवारी कोण आले ते मी सांगत नाही. दोघांचेही कारभारी हयात आहेत, आणि बटण मी दाबले होते.

त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. लहान पडद्याचे कॉम्प्युटर आले होते, बोटाने दाबायचे पडदे येऊ घातले होते, आणि जुन्या घराचे वासे कुजले होते. रोज टेकू द्यायचा तो किती द्यायचा? आमचा शनिवारातला वाडा पाडला तेव्हा बिल्डरने अगदी हेच शब्द वापरले होते, आणि ते खरेही होते. वाडा खरोखरच पडायला आला होता. तरी अण्णा नव्या फ्लॅटमध्ये सहा महिने रात्री उठून अंगणाच्या दिशेने चालायला लागत आणि भिंतीवर आपटत.

टोरवाल्ड्स यांनी २०११ च्या उन्हाळ्यात ग्नोम तीनला चार शब्द सुनावले आणि बिऱ्हाड पुन्हा उचलून एक्सएफसीई नावाच्या तिसऱ्याच घरी नेले. मला हे ऐकून फार बरे वाटले. ज्याने पाया घातला त्यालासुद्धा मनासारखी ओसरी मिळत नाही, आणि तो आपल्यासारखाच सामान बांधून दारोदार फिरतो! (२०१३ साली ते परत ग्नोमकडे आले. पण ते पुढचे.)

नंदूने तात्पुरता उपाय सांगितला. लॉगिनच्या पडद्यावर जुने रूप निवडायची एक सोय ठेवली होती. अण्णांचे काम पुन्हा सुरू झाले. पण नंदू म्हणाला, "मामा, ही सोय पुढच्या आवृत्त्यांत राहणार नाही. आणि या आवृत्तीची देखभाल २०१२ च्या ऑक्टोबरात संपते. तोपर्यंत जागा बघा."

जागा बघणे! ज्यांनी पुण्या-मुंबईत पागडीच्या काळात जागा बघितल्या आहेत त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. पण लिनक्समध्ये एक सोय अशी की सीडी घालावी, त्या घरात तासभर राहून बघावे, सीडी काढावी. आपल्या सामानाला धक्का लागत नाही. घरमालकाला अनामत नाही, एजंटाला कमिशन नाही. दर रविवारी एक सीडी. परीक्षक अण्णा, आणि कसोटी एकच : वहीतले पान चार चालते की नाही.

केडीई पाहिले. बंगलाच तो. तोपर्यंत गिलावा पुरा झाला होता आणि घर देखणे दिसत होते. पण प्रत्येक खोलीत चाळीस बटणे. अण्णांनी पंखा लावायला म्हणून एक दाबले आणि मागचे चित्र गेले. त्यानंतर तैवानच्या एका तरुणाने २००६ साली सुरू केलेले एलएक्सडीई. जुन्या, दमलेल्या मशीनवरही धावते. अंथरूण, उशी, खुंटी, बस्स. "कॉट बेसिस," अण्णा म्हणाले, "लग्नाआधी ठीक होतं." मग एक्सएफसीई. फ्रान्सच्या ऑलिव्हिए फूर्दां यांनी हे १९९६ सालीच, म्हणजे केडीईच्याच साली, सुरू केले होते आणि इतकी वर्षे कुणाच्या अध्यात ना मध्यात असे चालले होते. दोन खोल्या, स्वच्छ, विजेचे बिल कमी. याचे चिन्ह उंदीर आहे. अण्णांनी त्याला हात जोडले. पान चार जवळजवळ चालले. पण यादीची ओळ चौथी नव्हे, भलतीच निघाली. 'जवळजवळ' हा शब्द हेडक्लार्कच्या कोशात नसतो.

तेवढ्यात नंदूने बातमी आणली की जुना वाडाच कुणीतरी विटेवीट उचलून दुसरीकडे उभा केला आहे.

२०११ च्या जून महिन्यात अर्जेंटिनातल्या एका माणसाने, कुणाची परवानगी न मागता, ग्नोम दोनची सगळी कृती उचलली आणि वेगळी चूल मांडली. परवानगी मागायची गरजच नव्हती. अण्णांनी तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेल्या त्या परवान्याने ती आधीच दिलेली होती. नाव ठेवले माते. तिकडे दक्षिण अमेरिकेत एका झाडाची पाने उकळून चहासारखे पितात, त्याचे हे नाव. ग्नोम दोन आणि ग्नोम तीन एका मशीनवर राहिले तर नावे एकमेकांत अडकत, म्हणून त्या माणसाने प्रत्येक भांड्यावरचे जुने नाव खोडून नवे घातले. फायली ठेवायच्या नॉटिलसचे झाले काहा, म्हणजे स्पॅनिशमध्ये पेटी. मजकूर लिहायच्या जीएडिटचे प्लूमा, म्हणजे पीस किंवा लेखणी. कागद वाचायच्या एव्हिन्सचे आत्रिल, म्हणजे पोथी ठेवायचा लाकडी स्टँड. भांडी तीच.

अण्णा हे ऐकताना पुढे सरकून बसले. "वाटणी झाली म्हणतोस. मग देवघर कुणाकडे गेलं?"

मी नंदूला विचारले. नंदू हसला. "आजोबांना सांगा, दोघांकडेही अख्खं. यातली वाटणी अशीच असते. वेगळा होणारा अख्खा वाडा घेऊन जातो, आणि मागे राहणाऱ्याकडेही अख्खा वाडा राहतो."

अण्णा बराच वेळ गप्प होते. आमच्या पाचव्या पिढीत दोन भावांनी देवघरातला टाक कुणाचा यावरून कोर्टात एकोणीस वर्षे घालवली; शेवटी टाकही गेला आणि वकिलाचे घर झाले. हे प्रकरण अण्णांनी कुळवृत्तांतात तीनदा लिहून तीनदा खोडले होते.

आमचे नवे घर ठरले लिनक्स मिंट, तेरावी आवृत्ती, २०१२ च्या मे महिन्यातली. मिंटचे मूळ पुरुष क्लेमाँ लफेव्र हे फ्रेंच. त्यांनी आपल्या दारी दोन्ही पंगती मांडल्या : जुन्यासाठी माते, आणि ग्नोम तीनच्याच विटा घेऊन जुन्या धाटणीने बांधलेले नवे सिनॅमन. "पुदिना, दालचिनी आणि चहा," सौ. म्हणाली. "नावं ठेवायला बसले तेव्हा मंडळी उपाशी होती वाटतं." मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावे देतात, शेवटी 'आ' येईल अशी. तेराव्या आवृत्तीचे नाव माया. माया आणि माते, आणि दिवस नवरात्राचे! आता पत्रिका बघायची तरी काय उरली होती?

२४ ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला कीबोर्डला हळदकुंकू लागले. 'ह' आणि 'क' यांच्यात ते अजूनही आहे. दसऱ्याला सकाळी मी नंदूच्या सांगण्याबरहुकूम सीडी घातली. मिंटची पट्टी खाली असते आणि तिच्यात एकच बटण. पण मातेमध्ये पट्टी उचलून कुठेही नेता येते. मी पट्टी वर नेली, उजवी टिचकी मारली आणि यादीतून जुनी मेन्यूपट्टी निवडून डाव्या कोपऱ्यात ठेवली. तीन शब्द आले. अण्णांनी वही मांडीवर घेतली, पान चार उघडले, चष्मा लावला आणि घाई न करता चौथ्या ओळीपर्यंत गेले. कागद उघडला. आठवी पिढी, धाकटी पाती.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पण मला राहवले नाही. "अण्णा," मी म्हणालो, "गेल्या वर्षी ते सगळं बिघडलं ना... ते बटण मी दाबलं होतं."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "नोंद आहे."

त्यांनी पाने उलटून दाखवले. पान एकतीस. 'दि. ८ मे २०११, रविवार. दुपारी आम्ही निद्रिस्त असता चिरंजीवांनी बटण दाबिले. चहा मागितला. बोलले नाहीत. विचारू नये.'

कुळवृत्तांत २०१४ साली छापून झाला. अण्णा २०१६ च्या श्रावणात गेले. टाकाचे प्रकरण शेवटी त्यांनी घातलेच. सव्वा पान आहे. वही माझ्याकडे आहे, आणि मागच्या बाजूची वंशावळ मी पुढे चालवतो. माते : २०१५ साली उबुंटूने अधिकृत पंगतीत घेतले, २०१७ साली जुने लाकडी खांब काढून ग्नोम तीनच्याच कारखान्यातले नवे घातले, रंग तोच. ग्नोम : वंशविस्तार मोठा, पुष्कळांना आवडते, ज्यांनी शिव्या दिल्या त्यातले बरेच परत आले. युनिटी : २०१७ च्या एप्रिलमध्ये उबुंटूने सोडून दिली आणि ऑक्टोबरात ग्नोमला घरी आणले; पोर मात्र स्वयंसेवकांकडे दत्तक गेले. एक्सएफसीईच्या शेजारी अण्णांच्या अक्षरात पेन्सिलीने 'नावाचा अर्थ काय, चौकशी करणे' असे होते. ती चौकशी केली. पूर्वी त्या अक्षरांना अर्थ होता, पुढे ज्या विटांवरून नाव पडले त्या विटाच बदलल्या, आता नुसती अक्षरे उरली आहेत. तसे लिहून खाली तारीख घातली.

परवा पडद्यावर पुन्हा एक चौकट आली. नवी आवृत्ती तयार आहे, घेता का? मी वही काढली, नवे पान उघडले, वार आणि वेळ लिहिली, सौ.ला हाक मारून समोर बसवले, आणि मग चहा मागितला.